मित्राच्या मशीनवरचं पान

हल्ली कुणी मला विचारतं, "वेबसाइट करतोय, एक मित्र म्हणतो माझ्याकडं जागा आहे, ठेव तिथं. ठेवू का?" मी नको म्हणतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, "का? मित्र फसवेल?" लोकांना फसवणूक तेवढी कळते. चांगला, पाठच्या भावासारखा, आपल्या आईच्या हातचं जेवलेला मित्रसुद्धा आपला घात करू शकतो आणि त्या घातात मोठा वाटा आपलाच असू शकतो, हे सांगायला बसलं की समोरचा घड्याळ बघायला लागतो. मग मी "विश्वास पानिपतात गेला" म्हणतो आणि विषय हसण्यावारी नेतो. हसण्यासारखं त्यात काही नाही.

आमचं घर बेंगळूरच्या जुन्या पेठेतलं. किती पिढ्यांपूर्वी आलो ते घरात कुणालाच धड ठाऊक नाही. विचारलं की प्रत्येक काका वेगळा राजा सांगतो. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि आतल्या मराठीतही निम्मं कन्नड. अप्पांचं शिंप्यांना लागणाऱ्या बटणांचं, अस्तराचं, दोऱ्यांचं दुकान होतं. मी त्या दुकानात बसायचं नाकारून बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी धरली होती. माझ्याहून सात वर्षांनी लहान बहीण बँकेत होती. ती मला अण्णा म्हणायची आणि मी तिला पुट्टी, म्हणजे कन्नडमधली छोटी. चांगली सव्वीस वर्षांची झाली तरी पुट्टीच.

आमचा समाज लहान. मराठी बोलणारी, आमच्यात सोयरीक होईल अशी घरं सगळ्या शहरात शोधून शोधून किती, आणि मग हुबळी, दावणगेरे, बेळगाव इकडं विखुरलेली. त्यामुळं समाजाच्या देवळामागच्या हॉलमध्ये एक लांबलचक वही असायची. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर ती सांभाळायचे. लग्नाच्या मुलामुलींची माहिती तीत लिहिलेली, आणि रविवारी सकाळी लोक येऊन मांडी घालून ती उतरवून न्यायचे. त्या वहीचा एक नियम होता. सोयरीक ठरली की साखर वाटण्याआधी त्या घरच्या माणसानं स्वतः देवळात यायचं आणि वहीतल्या नावावर कुंकवाचं बोट ओढायचं. दुसऱ्या कुणी ओढलेलं चालायचं नाही. बोट ओढलं नाही आणि साखर वाटली, तर ते घर दोन दारं उघडी ठेवून बसलंय असं म्हणायचे. आमच्यात याहून वाईट बोलणं नव्हतं. चोर म्हटलेलं एक वेळ लोक विसरत.

सत्त्याण्णव साली मला सुचलं की ही वही इंटरनेटवर टाकावी. समाजातली पोरं अमेरिकेला जायला लागली होती, त्यांना बसल्या जागी स्थळं दिसतील. खरं सांगायचं तर स्थळांपेक्षा मला स्वतःची हुशारी दिसायला हवी होती. कारखान्यात ईमेल नुकतंच आलं होतं, त्यावर मी चार ओळी पाठवायला शिकलो होतो आणि तेवढ्यावर पेठेत मी संगणकातला माणूस ठरलो होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. समाजाच्या मंडळाच्या बैठकीत मी तासभर बोललो. सगळे माना डोलावत होते, फक्त मास्तर म्हणाले, "सगळं सरी, बरोबर आहे, पण त्याच्यावर कुंकू कुठं लावायचं?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "मास्तर, तिथं नाव पुसूनच टाकता येतं. डागसुद्धा राहत नाही."

जागा कुठं मिळणार हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण माझा मित्र होता. तो निपाणीकडचा. नोकरीसाठी बेंगळूरला आला तेव्हा आमच्या माडीवरच्या खोलीत वर्षभर भाड्यानं राहिला होता. भाडं नावाला. जेवण आमच्यातच. आई त्याच्यासाठी भाकरी करायला शिकली, कारण नुसत्या भातावर त्याचं पोट भरायचं नाही. पुट्टी त्याला निपाणीअण्णा म्हणायची. पुढं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत संगणकांची सगळी व्यवस्था त्याच्या हातात आली. मी त्याला वहीचं सांगितलं तर म्हणाला, "त्यात काय लेका! आमच्या सर्व्हरवर एवढी जागा ओसाड पडलीया, एका कोपऱ्यात टाकतो की. कुणाला कळतंय?"

कुणाला कळतंय, या शब्दांनी मी खूश झालो होतो. आज ऐकतो तेव्हा त्यातच सगळं आलं होतं असं वाटतं. कंपनीला माहीत नव्हतं. पासवर्ड त्याचा एकट्याचा. एखाद्या मंडळाचं काम असं परक्याच्या घरात चोरून ठेवतात का? पण मित्राला काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं? अप्पा एकदा म्हणाले होते, "त्याच्याकडची किल्ली एक आपल्याकडं पण असू दे." मी त्यांना म्हणालो, "अप्पा, तुमच्या दुकानाच्या कुलपासारखं नसतं ते." किल्ली तशीच असते. मला लाज वाटत होती मागायला, एवढंच.

दोन महिने शनिवारी दुपारी कारखान्यातून सुटून मी त्याच्या ऑफिसात जायचो आणि त्याच्या शेजारी बसून एकेक नाव टाइप करायचो. पहिलं नाव पुट्टीचं घातलं. नमुना म्हणून घातलं होतं, पण ते पहिलंच राहिलं. तिचा निळ्या साडीतला फोटो त्यानं यंत्रावर ठेवून आत ओढला आणि पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरला तेव्हा मला फार भारी वाटलं. पानाच्या तळाशी 'अमुक तारखेपर्यंत अद्ययावत' अशी इंग्रजी ओळ होती. ती तारीख बदलायचं त्याच्या लक्षात राहायचं नाही. मीच म्हणालो, महिनाभर जुनी तारीख दिसली तर लोकांना वाटतं इथं कुणी फिरकत नाही. त्यानं दोन ओळी लिहून दिल्या. पान ज्या दिवशी उघडाल त्या दिवशीची तारीख आपोआप यायला लागली. रोजचं ताजं! मला ती युक्ती इतकी आवडली की मी देवळात चार जणांना सांगितली.

दीड वर्ष ते पान उत्तम चाललं. मित्र कधीही चुकला नाही, हेही लिहायला हवं. संध्याकाळी फोन केला की दुसऱ्या दिवशी नाव चढलेलं किंवा उतरलेलं असायचं. पहिल्या पहिल्यांदा मी शनिवारी जाऊन बघायचो, मग बघणं सोडलं. ब्रिगेड रोडला सायबर कॅफे झाले होते, तिथं बसून बघता आलं असतं. पण मित्रानं केलं म्हटल्यावर पुन्हा जाऊन बघायचं म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवल्यासारखं मला वाटायचं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर पुट्टीला स्थळ आलं आणि ते त्या पानावरूनच आलं. मुलगा शिकागोत, घर दावणगेऱ्याचं. त्यानं तिकडं ऑफिसात बसून पान उघडलं होतं, पहिलंच नाव बघितलं होतं आणि पुढची बघितलीच नव्हती, असं त्यानं तिला नंतर सांगितलं. तीन आठवड्यांच्या रजेवर तो आला. दोघं लालबागेत जाऊन बोलून आली. मी तोवर पुट्टीला इतकं बोलकं कधी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात काहीही कारण नसताना हसायची. आई म्हणायची, "स्वल्प गप्प बस गं, दृष्ट लागेल." साखरपुडा ठरला, लग्न मे महिन्यात, त्याच्या पुढच्या रजेत.

साखरपुड्याच्या सकाळी मी देवळात गेलो आणि वहीतल्या तिच्या नावावर कुंकवाचं बोट ओढलं. मास्तरांनी हात जोडले. मग विचारलं, "आणि तुझ्या त्या पानावर?" मी म्हणालो, "आजच." समोरच्या दुकानातून मित्राला फोन केला. तो घाईत होता. त्याचा अमेरिकेचा व्हिसा झाला होता, कंपनी त्याला दहा दिवसांत पाठवणार होती. "अरं एवढ्यासाठी काय सांगायचं? संध्याकाळी काढून टाकतो की. जा, साखर वाट जा." मी घरी आलो. बायका पुट्टीला गजरे माळत होत्या. तिनं आरशातूनच विचारलं, "दोन्हीकडचं झालं ना, अण्णा?" मी म्हणालो, "झालं."

संध्याकाळचं काम मी सकाळी झालं म्हणून सांगितलं. खोटं बोलतोय असं मला वाटलंसुद्धा नाही. त्याचं बोलणं म्हणजे केल्यासारखंच, हा दीड वर्षाचा अनुभव.

आठवड्यानं तो निरोप घ्यायला आला. आईनं पुरणपोळी केली होती. आमच्या घरात एक पाळतात: माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की त्या जेवणात त्याला राहिलेलं काम विचारायचं नाही. पाय अडतो म्हणतात. पुट्टी वाढत होती. त्याच्या पोळीवर तूप सोडता सोडता तिनं विचारलं, "निपाणीअण्णा, माझं नाव काढलंत ना पानावरचं?"

त्याच्या तोंडात घास होता. तो क्षणभर चावायचा थांबला. आईनं पुट्टीकडं डोळे वटारले. मला वाटलं, पोरगी पाहुण्याला ताटावर हिशेब विचारतेय, आणि तोही माझ्या मित्राला. मीच बोललो. "कधीच काढलंय! जेवू दे की त्याला." पुट्टी ओशाळली. मित्र माझ्याकडं बघून हसला, मान हलवली आणि म्हणाला, "आई, आणखी एक वाढा." एवढंच घडलं. मी त्या जेवणाकडं इतक्या वेळा परत गेलोय की त्या दिवशीच्या कटाची चवही मला सांगता येईल. त्याचा घास संपेपर्यंत मी थांबायला हवं होतं, दुसरं काही नको होतं.

शिकागोचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. फोन बैठकीत होता, म्हणून आम्ही सगळे उठून आत जायचो. डिसेंबरातल्या एका रविवारी बोलणं झाल्यावर पुट्टी माझ्याकडं आली. "ते म्हणतात, नाव अजून दिसतंय." मुलाकडं तिचा दुसरा फोटो होता, पण तो घरी. ऑफिसात तिला बघावंसं वाटलं की तो ते पान उघडायचा. आधी त्याला त्यात काहीच गैर वाटलं नव्हतं.

मी कधीकाळी मित्राकडून ऐकलं होतं की एकदा बघितलेलं पान संगणक स्वतःजवळ ठेवून घेतो आणि पुढच्या वेळी तेच जुनं दाखवतो. ते मी तिला सांगितलं, आणि चांगलं समजावून, हातवारे करून सांगितलं. "त्याला सांग, तुझ्या मशीनमध्ये राहिलेलं जुनं पान दिसतंय. इकडून कधीच काढलंय." तिनं दोनदा म्हणून घेतलं, पाठ केलं, आणि पुढच्या रविवारी त्याला तसंच सांगितलं.

त्या रविवारी फोन लवकर ठेवला गेला. पुट्टी स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "अण्णा, ते म्हणाले, जुनं पान असेल तर खाली आजची तारीख कशी? रोज त्या त्या दिवसाची तारीख असते म्हणे. रोज कुणीतरी ते ताजं करतंय."

ती तारीख कुठून येते ते या घरात मला एकट्याला माहीत होतं. पान सर्व्हरवरून नव्यानं आलं तरच ती बदलायची, म्हणजे नाव खरंच तिथं होतं, हे मला त्याच क्षणी समजलं. "मी काय सांगितलं असेल त्यांना?" ती म्हणाली. "मी देवाची शपथ घेतली. म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलत नाही."

तरी तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. बघतो म्हणालो. त्याच वेळी मी शिकागोला फोन लावून, बाबा रे, चूक माझी, ती तारीख यंत्राची, असं म्हणायला हवं होतं. पण आधी नाव काढावं आणि मग बोलावं, म्हणजे बोलताना मान वर राहील, असा विचार मी केला. माझी मान! तिचं काय व्हायचं ते होवो.

सोमवारी कारखान्यात रजा टाकून इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलो. मित्राशिवाय त्या फाटकातून मी कधी आत गेलो नव्हतो. रखवालदारानं दोन तास बसवलं. शेवटी मित्राच्या जागी आलेला एक तरुण अधिकारी बाहेर आला. नीट बोलला, पण असं काही पान त्यांच्या नोंदीत नव्हतं. नोंदीत नसलेल्या गोष्टीला हात लावायचा तर वरून लेखी हवं, आणि लेखी मागायचं तर हे इथं आलं कसं ते मी लिहून द्यायचं. ते लिहिलं असतं तर अमेरिकेत नुकत्याच पोचलेल्या मित्राची नोकरी गेली असती. मी लिहिलं नाही. मैत्री राखली. बहिणीच्या लग्नाच्या बदल्यात राखली, हे तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळत होतं. मला वाटलं होतं दोन्ही राखता येईल.

मित्राचा तिकडचा नंबर माझ्याकडं नव्हता, जुन्या पत्त्यावर पाठवलेली ईमेल परत आली. निपाणीला त्याच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांचा होता. शेजारी त्याच्या वडिलांना बोलवायचे, ते यायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "तो करतो की आठवड्याला, आला की सांगतो बघा!" मी माझा नंबर तीन वेळा लिहून घ्यायला लावला. दिवस जात राहिले. ते पान उभं होतं. आम्हा कुणाच्याही घरी ते दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त ज्याला दिसायला नको त्याला. मी एकदा ब्रिगेड रोडच्या कॅफेत जाऊन उघडलं. वरून खाली निळी साडी उतरली. तळाशी त्या दिवसाची तारीख. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वाकून बघायला लागला तसं मी ते बंद केलं.

मग दावणगेऱ्याहून मुलाचे मोठे काका आले. बरोबर एक पिशवी. अप्पांनी त्यांना पाट दिला, ते खुर्चीवरच बसले. सरळ माणूस होता, आवाज चढवला नाही. ते म्हणाले, शिकागोतल्या आमच्यातल्याच दुसऱ्या एका मुलानं त्या पानावरून या मुलीसाठी मंडळाकडं पत्र पाठवलंय, आणि तो ते चार जणांत सांगतोय. "आमच्या मुलानं तुमच्या मुलीला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती नाव काढलंय म्हणाली. नाव होतं, हे विसरू आम्ही. पण दोनदा असं सांगणारी मुलगी..."

तेव्हा मी बोललो. सगळं सांगितलं, तारखेची युक्ती, मित्र, फाटक. काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी अप्पांना विचारलं, "अण्णावरू, पानावरची तारीख आपोआप बदलते, हे तुम्हाला पटतं?" अप्पा बटणं विकणारा माणूस. ते माझ्याकडं बघत राहिले. काका म्हणाले, "एवढं साधं होतं तर महिनाभर का सांगितलं नाही?" पिशवीत साडी आणि अंगठी होती. पुट्टी दारामागं उभी होती, तिनं ती स्वतः पुढं होऊन घेतली आणि वाकून नमस्कार केला. पेठेत संध्याकाळपर्यंत झालं: दोन दारं उघडी.

चारच दिवसांनी मित्राचा फोन आला. वडिलांनी निरोप दिला म्हणाला. मी नुसतं पानाचं सांगितलं. "अरं, राहिलंच की ते! थांब, धर फोन." मी फोन धरून उभा राहिलो. तिकडून कळा बडवल्याचा आवाज येत होता. चहाचं आधण यायलाही जास्त वेळ लागतो. "गेलं बघ," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तूच त्या दिवशी जेवताना एवढं ठाम म्हणालास, कधीच काढलंय म्हणून. मला वाटलं, काढलं असणार मी. व्हिसाच्या गडबडीत मला कुठलं आठवतंय? तू बघितलं असशील म्हटलं." मी त्याला लग्न मोडल्याचं सांगितलं नाही. पुढं त्याला कुठून तरी कळलं, त्याचं लांबलचक पत्र आलं, ते मी अर्धं वाचून ठेवून दिलं. रागावण्यासारखं त्यात मला काही सापडत नव्हतं. कुणावर तरी रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

वरातीमागून घोडं नेल्यासारखा मी पुट्टीपाशी गेलो आणि नाव निघालं म्हणून सांगितलं. ती माडीवर कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आता राहिलं असतं तरी चाललं असतं." थोड्या वेळानं म्हणाली, "निपाणीअण्णाला काही बोलू नको. तो परका. मी त्याला विचारलं होतं, अण्णा. तू उत्तर दिलंस." मी माफी मागितली. आमच्यात थोरल्यानं धाकटीची माफी मागायची पद्धत नाही, पण मी मागितली. तिनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, आम्ही ती ताणून घडी केली, आणि ती खाली निघून गेली.

मार्चमध्ये तिनं हुबळीला बदली मागून घेतली. माझ्याशी भांडली नाही, बोलणं तोडलं नाही. दर आठवड्याला फोन करायची, आधी आईशी बोलायची, मग अप्पांशी, शेवटी माझ्याशी. कधी मी काही सांगितलं, गल्लीत नवी पाइपलाइन आली किंवा आईचा गुडघा बरा आहे, तर ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी आईला तेच परत विचारायची. लग्न तिनं पुढं बऱ्याच वर्षांनी केलं, तिकडच्याच एका माणसाशी, स्वतः ठरवून. आईला न्यायला ती स्वतः आली. मला पत्रिका पोस्टानं आली, पत्ता तिच्याच अक्षरात.

अप्पा गेले ते त्याआधी, नव्याण्णवच्या श्रावणात. मोडलेल्या लग्नावर ते एक अक्षर बोलले नव्हते, फक्त देवळात जायचं त्यांनी सोडलं होतं. दोन दिवस दवाखान्यात होते आणि दुपारी तीनच्या सुमाराला गेले. मी शेजारी होतो, त्यांचा हात माझ्या हातात होता. खाली काउंटरवरून मी हुबळीला तिच्या बँकेत फोन लावला. कुणीतरी तिला बोलावून आणलं.

"पुट्टी, अप्पा गेले."

तिच्यामागं बँकेतली माणसं बोलत होती, शिक्के पडत होते. मग तिनं विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी तिथंच होतो. माझ्यासमोर गेले."



"आईला दे फोन," ती म्हणाली.

आई बाजूच्या बाकावर बसली होती. मी तिच्या हातात रिसीव्हर दिला आणि बाहेर येऊन उभा राहिलो.